ब्लॉकचेनवरची नावे आणि त्यांची किल्ली

क्रिप्टोकरन्सीच्या वॉलेटचा पत्ता माणसाने वाचावा म्हणून घडवलेला नाही. इथेरियम या जाळ्यावरचा पत्ता ४२ चिन्हांचा असतो. सुरुवातीला शून्य आणि एक्स, आणि त्यापुढे शून्य ते नऊ हे आकडे व ए ते एफ ही रोमन अक्षरे मिळून ४० चिन्हांची रांग. वॉलेट तयार होताना आधी एक प्रचंड मोठी गुप्त संख्या निवडली जाते. तीच त्या वॉलेटची खासगी किल्ली. तिच्यापासून गणिताने सार्वजनिक किल्ली निघते, सार्वजनिक किल्लीचा हॅश, म्हणजे ठरावीक लांबीचा ठसा, काढला जातो आणि त्या ठशाचे शेवटचे २० बाइट म्हणजे पत्ता. मालकाचे नाव, गाव, बँक, शाखा यांपैकी कशाचाही या हिशेबात संबंध येत नाही. पत्ता चुकला आणि रक्कम गेली, तर ती परत वळवणारे कोणतेही कार्यालय या जाळ्यावर नाही.

एवढी लांब रांग कोणी हाताने लिहीत नाही. लोक ती कॉपी करतात, पेस्ट करतात आणि पहिली चार व शेवटची चार चिन्हे जुळली की पुढे जातात. चोरांनी नेमकी हीच सवय हेरली आहे. सावजाच्या नेहमीच्या पत्त्याशी सुरुवात आणि शेवट जुळणारा पत्ता ते संगणकावर असंख्य किल्ल्या चाळून तयार करतात आणि त्यावरून एक क्षुल्लक व्यवहार सावजाच्या वॉलेटवर पाठवून देतात. तो बनावट पत्ता मग जुन्या व्यवहारांच्या यादीत जाऊन बसतो आणि पुढच्या वेळी तिथूनच कॉपी होतो. मे २०२४ मध्ये या पद्धतीने एका वॉलेटमधून १,१५५ रॅप्ड बिटकॉइन (इथेरियमवर चालणारे, बिटकॉइनच्या भावाचे टोकन), म्हणजे त्या वेळच्या भावाने सुमारे ६.८ कोटी डॉलर, चुकीच्या पत्त्यावर गेले. पुढे वाटाघाटी होऊन त्यातली बहुतेक रक्कम परत आली, पण ते चोराच्या मर्जीने.

या अडचणीवरचा उपाय म्हणजे ब्लॉकचेनवरची, अर्थात इथेरियमसारख्या जाळ्याच्या सामायिक नोंदवहीतली, नावे. इंटरनेटवर संकेतस्थळाच्या आकडी पत्त्यामागे जसे डोमेन नाव असते, तसे वॉलेटच्या पत्त्यामागे एक सोपे नाव नोंदवायचे. पैसे पाठवणाऱ्याने ते नाव टाकायचे, पत्ता शोधण्याचे काम वॉलेटने करायचे. कल्पना साधी वाटली तरी तिच्या वाटेत एक जुना पेच होता. नाव माणसाला लक्षात ठेवता यावे, त्यात लबाडी करता येऊ नये आणि ते कोणा एका मध्यवर्ती संस्थेच्या ताब्यात नसावे, या तीन गोष्टी एकाच व्यवस्थेत बसत नाहीत, असे संगणकतज्ज्ञ झूको विलकॉक्स यांनी २००१ मध्ये मांडले होते. बिटकॉइन आल्यावर हा पेच सुटण्याची शक्यता दिसू लागली. सर्वांकडे प्रत असलेली आणि कोणालाही मागाहून खाडाखोड करता न येणारी वही असेल, तर नाव आधी कोणी घेतले हे ठरवायला मध्यस्थ लागत नाही. आरन स्वार्ट्झ यांनी जानेवारी २०११ मध्ये नेमकी हीच मांडणी केली आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये बिटकॉइनच्या प्रणालीतून फुटून नेमकॉइन सुरू झाले. डॉट बिट या शेपटाची नावे त्यावर नोंदवता येत. ही पहिली खटपट फारशी पसरली नाही.

व्यवहारात रुजली ती इथेरियम नेम सर्व्हिस. निक जॉन्सन आणि अ‍ॅलेक्स व्हॅन द सँडे यांनी इथेरियम फाउंडेशनमध्ये असताना ती उभी केली. मार्च २०१७ मधला पहिला प्रयत्न त्रुटी सापडल्याने थांबवावा लागला आणि ४ मे २०१७ रोजी ती नव्याने सुरू झाली. तिच्या नावांचे शेपूट डॉट ईथ. पाच किंवा अधिक अक्षरांच्या नावाला वर्षाला ५ डॉलर, चार अक्षरांना १६० आणि तीन अक्षरांना ६४० डॉलर असा दर ठरला. त्याशिवाय नोंदणीच्या वेळी जाळ्याचे गॅस शुल्क, म्हणजे व्यवहार नोंदवण्याचा आकार. आखूड नावे मोजकीच असल्याने साठेबाजांनी ती अडवून ठेवू नयेत, हा या चढ्या दरामागचा हेतू.

या नोंदवहीची तुलना तलाठ्याच्या दप्तरातल्या सातबाऱ्याशी करता येते. गट क्रमांकाच्या जागी नाव आणि खातेदाराच्या जागी पत्ता असतो. मात्र फेरफार मंजूर करायला इथे मंडळ अधिकारी नाही, नोटीस नाही, हरकतीची मुदत नाही. खासगी किल्लीची सही जुळली की फेरफार झाला. ही वही म्हणजे इथेरियमवर चालणारा एक स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, अर्थात आपोआप अमलात येणारा करार. नावाचा मालक कोण आणि त्या नावाची माहिती कोणत्या दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टकडे मिळेल, एवढेच ती सांगते. त्या दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टला रिझॉल्व्हर म्हणतात. वॉलेटमध्ये कोणी नाव टाकले की वॉलेट आधी ते एका ठरावीक रूपात आणते, उदाहरणार्थ मोठी रोमन अक्षरे छोटी करते. मग नावाच्या तुकड्यांपासून उजवीकडून डावीकडे एक हॅश काढते, वहीला रिझॉल्व्हर विचारते आणि रिझॉल्व्हरला पत्ता. मिळालेला पत्ता पडद्यावर दिसतो आणि पाठवणाऱ्याने होकार दिल्यावरच व्यवहारावर सही होते.

नोंदणीची रीतही जवळून पाहण्यासारखी आहे. इथेरियमवर व्यवहार पक्का होण्याआधी काही क्षण सर्वांना दिसतो. कोणी चांगले नाव मागितले की ते पाहून जास्त शुल्क भरून ते आधी पटकावणारे टपलेले असतात. म्हणून नोंदणी दोन टप्प्यांत होते. अर्जदार आधी नाव उघड न करता, नाव आणि एक गुप्त संख्या मिळून झालेला हॅश नोंदवतो. किमान ६० सेकंद थांबल्यावर तो खरे नाव उघड करतो आणि पैसे भरतो. तोवर टपलेल्याला कशावर झडप घालायची हेच कळत नाही. मुदत संपल्यावर ९० दिवस जुन्या मालकाला नाव परत मिळवता येते. त्यानंतर ते सर्वांना खुले होते, पण १० कोटी डॉलरच्या वाढीव किमतीपासून सुरुवात करून ती किंमत २१ दिवसांत शून्यावर आणली जाते. नाव सुटताक्षणी कोणी यंत्राने झडप घालू नये, यासाठी ही उतरती बोली.

नावाला फक्त पत्ताच जोडता येतो असे नाही. बिटकॉइनसह इतर जाळ्यांवरचे पत्ते, ईमेल, छायाचित्र, समाजमाध्यमांवरची खाती अशा नोंदीही रिझॉल्व्हरमध्ये ठेवता येतात. उलटी नोंदही होते, म्हणजे पत्त्यावरून नाव सांगणारी. त्यामुळे एकच नाव पैसे घेण्यासाठी, संकेतस्थळांवर प्रवेश करण्यासाठी आणि ओळख सांगण्यासाठी वापरता येते. 

आता हे सगळे बीड तालुक्यातल्या नेकनूरला लावून पाहावे. मांजरसुंब्याहून केजकडे जाताना लागणारे हे बाजाराचे मोठे गाव. इथल्या एखाद्या दुकानदाराने गावाच्या नावावर डॉट ईथ नाव घ्यायचे ठरवले, तर पहिला प्रश्न स्पेलिंगचा येईल. नूर लिहिताना दोनदा ओ घालायचा की एकदा यू? नेक आणि नूर यांच्यामध्ये ए घालायचा की नाही? प्रत्येक रूप हे स्वतंत्र नाव आहे आणि ते वेगवेगळ्या माणसांच्या मालकीचे असू शकते. बीडचेही तसेच. २०११ च्या जनगणनेत ते रोमन लिपीत तीन अक्षरांनी लिहिले आहे, एरवी बहुधा चार अक्षरांनी. पाटील, जाधव, शिंदे ही आडनावे रोमनमध्ये दोन-तीन तऱ्हांनी लिहिली जातात, कधी एकाच घरात. टपालात असा फरक पोस्टमन सांभाळून घेतो. ब्लॉकचेनवर एका अक्षराच्या फरकाने पैसे अनोळखी माणसाकडे जातात आणि तिथेच राहतात. मराठी माणसासाठी या नावांमधला सर्वांत मोठा धोका हाच आहे, आणि इंग्रजीतून या विषयावर लिहिणाऱ्यांच्या तो सहसा लक्षात येत नाही.

मग नाव देवनागरीतच का घेऊ नये? ते घेता येते. इथेरियम नेम सर्व्हिस युनिकोड स्वीकारते आणि एकाच नावात लिपींची सरमिसळ होऊ देत नाही, जेणेकरून दिसायला सारख्या परक्या अक्षरांनी फसवणूक होऊ नये. पण मराठीला एक खास अडचण आहे. दऱ्या, सुऱ्या, तऱ्हा यांतला आडवा अर्धा र संगणकावर दोन प्रकारे लिहिला जातो. एका प्रकारात टिंब असलेला ऱ आणि हलन्त वापरतात. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारे, शून्य रुंदीचे एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाच्या लेखी मात्र ती वेगळी नावे ठरतात. अदृश्य चिन्हांतून लबाडी करणे फार सोपे असल्याने ते जोडचिन्ह इमोजीबाहेर वापरायला या व्यवस्थेत मनाई आहे. त्यामुळे पहिल्या प्रकारे लिहिलेले नाव चालते आणि दुसरे नाकारले जाते. कळफलकावर नेमके काय उमटते आहे हे न जाणणाऱ्याला आपले नाव का चालत नाही, हे कोडेच राहते.

हा प्रश्न नवा नाही आणि त्यावर पुण्यात बराच विचार झालेला आहे. सी-डॅकच्या जिस्ट विभागाने भारतीय लिपींतल्या डोमेन नावांच्या नियमांवर काम केले. २७ ऑगस्ट २०१४ रोजी डॉट भारत हे देवनागरी शेपूट सुरू झाले, तेव्हा त्यात मराठी आणि कोकणीसह देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या आठ भाषांची सोय होती. इंटरनेटच्या मूळ नामव्यवस्थेसाठी ब्राह्मीकुळातल्या लिपींचे नियम तज्ज्ञांच्या एका गटाने ठरवले. कोणते चिन्ह कशानंतर यावे, मराठीतला अर्धा र कसा लिहावा, हे सारे त्यात बारकाईने आले आहे. ब्लॉकचेनच्या नावांना यातले बरेच जसेच्या तसे घेता येण्यासारखे आहे. भाषा जाणणाऱ्यांनी केलेले हे काम बाजूला ठेवून देवनागरी नावे विकणे योग्य नाही.

या क्षेत्रातला महाराष्ट्राचा दुसरा धागा मुंबईतून येतो. जयंती कनानी, संदीप नेलवाल आणि अनुराग अर्जुन यांनी २०१७ मध्ये मुंबईत मॅटिक नेटवर्क सुरू केले. इथेरियमवरची गर्दी आणि महागडे गॅस शुल्क टाळून व्यवहार शेजारच्या स्वस्त साखळीवर करायचे, ही त्यामागची कल्पना. त्याचे मुख्य जाळे २०२० मध्ये चालू झाले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याचे नाव पॉलिगॉन झाले. त्याच वर्षी अनस्टॉपेबल डोमेन्स ही अमेरिकी कंपनी आपली नावे पॉलिगॉनवर नोंदवू लागली. तिची नावे डॉट क्रिप्टो, डॉट एनएफटी, डॉट वॉलेट अशा शेपटांची असून ती एकदाच विकत घ्यायची असतात, दरवर्षी नूतनीकरण नाही. इथेरियमवर नुसत्या नोंदणीचे शुल्क नावाच्या किमतीहून जास्त होण्याचे ते दिवस होते. मुंबईत उभ्या राहिलेल्या साखळीमुळे तो खर्च नगण्य झाला.

ही नावे इंटरनेटच्या जागतिक नामव्यवस्थेचा भाग नाहीत, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे. ती व्यवस्था आयकॅन ही संस्था सांभाळते आणि तिच्या मूळ यादीत एखादे शेपूट नोंदलेले नसेल, तर साधा ब्राउझर ते नाव उघडत नाही. ब्रेव्हसारख्या काही ब्राउझरांत सोय आहे, बाकीच्यांना मधले प्रवेशद्वार लागते. शिवाय कोणतीही दोन जाळी एकच शेपूट वापरू शकतात, कारण त्यांच्या वर कोणी पंच नाही. डॉट कॉइन नावे विकल्यानंतर ते शेपूट एमरकॉइन या जाळ्यावर पूर्वीपासून वापरात असल्याचे अनस्टॉपेबल डोमेन्सला कळले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये तिने आपल्या बाजूने ते बंद केले. ज्यांनी ती नावे घेतली होती त्यांना कंपनीने खात्यात मोबदला जमा करून दिला. कोणी काढून घेऊ शकणार नाही म्हणून घेतलेले नाव असे निरुपयोगी होऊ शकते.

डॉट ईथच्या बाबतीत अशी टक्कर होण्याची शक्यता कमी आहे. ईटीएच हा इथिओपिया देशाचा तीन अक्षरी आंतरराष्ट्रीय संकेत आहे आणि असे संकेत आयकॅन खासगी शेपूट म्हणून देत नाही. पण मध्यवर्ती व्यवस्थेवरचे अवलंबन त्यालाही चुकले नाही. डॉट ईथ नावांवरची संकेतस्थळे साध्या ब्राउझरात दिसावीत म्हणून ईथ डॉट लिंक हे प्रवेशद्वार होते. त्याची नोंदणी व्हर्जिल ग्रिफिथ यांच्या हाती होती. उत्तर कोरियाला निर्बंध टाळण्यास मदत केल्याबद्दल त्यांना एप्रिल २०२२ मध्ये ६३ महिन्यांची शिक्षा झाली. ते तुरुंगात असताना डोमेनची मुदत संपली आणि ते दुसऱ्याच्या हाती गेले. इथेरियम नेम सर्व्हिसच्या कंपनीला अमेरिकी न्यायालयात जाऊन, सप्टेंबर २०२२ मध्ये अंतरिम आदेश मिळवून ते परत घ्यावे लागले. वहीतली नावे शाबूत होती, पण त्यांच्याकडे जाणारी वाट एका माणसाच्या नूतनीकरणावर टेकलेली होती.

नाव सोपे झाले म्हणजे ओळख पटली असे होत नाही, हा या सगळ्यातला गाभ्याचा मुद्दा आहे. यूपीआयशी तुलना केली की तो लगेच कळतो. मुंबईत मुख्यालय असलेल्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनची ही सेवा ११ एप्रिल २०१६ रोजी सुरू झाली. तिथेही लांब खाते क्रमांकाऐवजी छोटा आयडी चालतो. पण पैसे जाण्याआधी समोरच्याचे बँकेत नोंदलेले नाव पडद्यावर येते आणि ३० जून २०२५ पासून अ‍ॅपमध्ये बँकेकडचेच नाव दाखवणे बंधनकारक झाले. त्या नावामागे केवायसी, म्हणजे बँकेने केलेली ओळखीची पडताळणी, आहे. डॉट ईथ नावामागे फक्त किल्ली आहे. एखाद्या संस्थानाच्या, दवाखान्याच्या किंवा नटाच्या नावाने कोणीही आधी नोंदणी करू शकतो आणि ती नोंदणी पूर्णपणे नियमानुसार असते.

महाराष्ट्रातल्या सरकारी प्रयोगांतही हा मुद्दा दिसतो. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्याच्या कौशल्य विकास मंडळाने लेजिटडॉक प्रणालीद्वारे प्रमाणपत्रे इथेरियमशी जोडण्याचे काम हाती घेतले. २०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली भागात सुमारे ६५,००० जातीचे दाखले पॉलिगॉनशी जोडण्यात आले. दाखल्यावरचा क्यूआर कोड तपासला की मजकूर बदललेला नाही हे कळते. पण तो ठसा खरोखर सरकारी कार्यालयाच्याच पत्त्यावरून उमटला, हे साखळी स्वतःहून सांगत नाही. तो पत्ता कोणाचा, हे बाहेरून कोणीतरी खात्रीने सांगावे लागते. वाचता येण्याजोग्या नावांचा खरा उपयोग अशा ठिकाणी आहे. एखाद्या संस्थेने एक नाव जाहीर करायचे आणि त्याखाली आपल्या कार्यालयांना उपनावे द्यायची. तंत्र त्यासाठी तयार आहे; डॉट ईथ नावाचा मालक हवी तितकी उपनावे काढू शकतो. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने हाच मार्ग साध्या इंटरनेटवर धरला. बँक डॉट इन हे शेपूट केवळ बँकांना मिळते आणि ऑक्टोबर २०२५ अखेरपर्यंत सर्व बँकांनी त्यावर यावे असे तिने सांगितले. एकेका व्यक्तीने हौसेने घेतलेल्या नावांपेक्षा अशा, संस्था जबाबदार असलेल्या नावांतून सामान्य माणसाचे हित जास्त साधेल.

व्यक्तीने नाव घेताना गोपनीयतेचाही विचार हवा. नावाला जोडलेल्या पत्त्यावरची शिल्लक, आलेली-गेलेली प्रत्येक रक्कम आणि तिची वेळ कोणालाही पाहता येते. नुसत्या पत्त्यामागे माणूस निदान झाकलेला असतो. स्वतःच्या नावाची नोंद केली की सगळा हिशेब जन्मभर उघड्यावर येतो. दुकानाच्या नावासाठी हे कदाचित चालेल. घरच्या बचतीचे वॉलेट मात्र अशा नावाला जोडू नये.

भारतात कायद्याची बाजूही आहे. ही नावे तांत्रिकदृष्ट्या एनएफटी, म्हणजे एकमेव असलेली डिजिटल टोकन, असतात आणि ३० जून २०२२ च्या अधिसूचनेने एनएफटी आभासी डिजिटल मालमत्तेत धरले गेले. अशी मालमत्ता विकून झालेल्या नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे आणि त्याच वर्षी १ जुलैपासून विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस. एका व्यवहारातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही. नाव चढ्या भावाने विकण्याच्या आशेने घेणाऱ्यांनी हा हिशेब आधी मांडावा.

किल्ली हरवली तर मात्र कोणताच कायदा उपयोगी पडत नाही. वॉलेट तयार होताना १२ किंवा २४ इंग्रजी शब्दांची एक रांग दिली जाते, तिच्यातून किल्ली पुन्हा तयार होते. ते शब्द गेले की नाव वहीत मालकाच्याच नावे राहते, पण त्याला ते हलवता येत नाही. मालक वारला तर न्यायालयाचा वारस दाखला स्मार्ट कॉन्ट्रॅक्टला वाचता येत नाही. म्हणून ते शब्द कागदावर लिहून, फोनपासून दूर, घरातल्या विश्वासाच्या माणसाला ठाऊक असेल अशा जागी ठेवावे लागतात. ते शब्द मागणारा कोणीही, तो स्वतःला वॉलेट कंपनीचा म्हणवत असला तरी, चोर समजावा. फसवणूक झालीच तर १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर लगेच कळवावे. मार्च २०२३ पासून भारतातली क्रिप्टो एक्स्चेंज मनी लाँडरिंगविरोधी कायद्याच्या कक्षेत आहेत, त्यामुळे चोरलेली रक्कम अशा एखाद्या एक्स्चेंजच्या खात्यात पोहोचली तर तिथे ती गोठवता येऊ शकते. ती साखळीवरच एका पत्त्यावरून दुसऱ्यावर फिरत असेल, तोवर तिचा माग काढता येतो, पण तिला हात लावता येत नाही.